डेटाबेस सर्व्हर वारंवार कां पडतो ?

‘क्लाउड’ ह्या शब्दानें सुशिक्षित समाजाची एक गोड फसवणूक केली आहे. मेघ म्हटला कीं तो वर, दूर, कोणाच्या हातीं न लागणारा. त्याला ना दार ना कुलूप, ना तो कधीं मोडावयाचा. प्रत्यक्षांत क्लाउड म्हणजे कोठल्या तरी शहरांत, पुष्कळ वीज खाणाऱ्या आणि अहोरात्र गार ठेवाव्या लागणाऱ्या इमारतींत, रांगेनें मांडलेलीं यंत्रें होत. बँकेचा हिशेब, रेल्वेचें आरक्षण, मुलांच्या परीक्षेचा निकाल, परदेशीं गेलेल्या लेकीनें पाठविलेलें नातवाचें छायाचित्र, ह्या सर्वांची वस्ती तेथेंच. एका यंत्राच्या पोटांत अनेक आभासी यंत्रें चालविण्याची विद्या आतां सर्वत्र रूढ झाली आहे. ह्या आभासी यंत्रांना ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणतात. आणि तीं मागेल त्याला, मागेल तितका वेळ, भाड्यानें द्यावयाचीं हाच क्लाउडचा धंदा.

भाड्यानें द्यावयाचें म्हटलें कीं चोपडी आलीच. गिरगांवांतील चाळीचा मालकदेखील कोणत्या खोलींत कोणतें बिऱ्हाड, भाडें किती, कोठवर चुकतें झालें, हें वहींत लिहून ठेवीत असे. क्लाउडच्या चाळींत तर बिऱ्हाडें क्षणांत येतात, क्षणांत जातात, आणि रात्रींतून एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर हलतात. हा कारभार पाहणारे जे कार्यक्रम प्रचारांत आहेत त्यांत ‘अपाची क्लाउडस्टॅक’ हा एक प्रमुख आहे. तो रचणारी मूळची लहानशी कंपनी २०११ सालीं सिट्रिक्सनें विकत घेतली, २०१२ सालीं सिट्रिक्सनें तो कार्यक्रम अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या स्वाधीन केला, आणि आज तो कोणालाहि विनामूल्य वापरतां येतो. त्याच्या रचनेंत दोन पात्रें मुख्य: हुकूम सोडणारा ‘मॅनेजमेंट सर्व्हर’, आणि त्याची चोपडी सांभाळणारा मायएस्क्यूएल हा डेटाबेस सर्व्हर. ह्या मायएस्क्यूएलमधील ‘माय’ हें त्याचे एक जनक मायकेल विडेनियस ह्यांच्या कन्येचें नांव आहे. पुढें त्यांनीं काढलेल्या दुसऱ्या डेटाबेसास धाकट्या कन्येचें, मारियाचें, नांव मिळालें. इतक्या रुक्ष वस्तूला इतकें घरगुती नांव क्वचितच लाभलें असेल.

हा चोपडी सांभाळणारा मुनीम मधूनच घेरी येऊन पडूं लागला म्हणजे काय होतें? पहिला अनुभव असा कीं फारसें कांहींच होत नाहीं. आणि ह्या दुखण्याचा कपटीपणा तो हाच. जीं व्हर्च्युअल मशीनें आधींपासून चालू आहेत तीं चालूच राहतात, कारण त्यांना प्रत्यक्ष चालविणारीं यंत्रें निराळीं आणि चोपडी निराळी. मुनीम आजारी पडला म्हणून दुकानांतला तराजू थांबत नाहीं. मात्र नवें मशीन उघडतां येत नाहीं, जुनें बंद करतां येत नाहीं, गिऱ्हाइकाला आपल्या खात्यांत शिरतां येत नाहीं. आणि त्याच वेळीं एखादें खरें यंत्र बिघडलें तर त्यावरील बिऱ्हाडें दुसरीकडे हलविण्याचा हुकूम देणारें कोणी उरत नाहीं. संकट एकटें आलें तर निभावतें. जोडीनें आलें तर एखाद्या रुग्णालयाची किंवा पेढीची सेवा त्या रात्रीपुरती बंद पडते, आणि ज्यांना क्लाउड हा शब्दहि ठाऊक नाहीं अशीं माणसें खिडकीपुढें ताटकळत उभीं राहतात.

अशा वेळीं रात्रपाळीच्या तंत्रज्ञाला फोन जातो. तो झोपेंतून उठतो, दुरूनच त्या यंत्रांत प्रवेश करतो, सर्व्हर पुन्हां चालू करण्याचा एका ओळीचा हुकूम देतो, थोड्याच वेळांत सर्व पूर्ववत् झालेलें पाहतो आणि पुन्हां अंथरुणावर पडतो. तीन दिवसांनीं पुन्हां तोच फोन, पुन्हां तोच हुकूम. मग तो एक युक्ति करतो. किंबहुना पुष्कळदां ती करावीहि लागत नाहीं, कारण सर्व्हर मेला तर त्याला आपोआप उठविणारा रखवालदार लिनक्समध्यें बसविलेलाच असतो. आतां फोन येत नाहीं. कचेरींत सर्वांना वाटतें कीं दुखणें बरें झालें. वस्तुतः दुखणें जेथल्या तेथेंच असतें. बंद झालें तें केवळ कण्हणें. खरी स्थिति पाहावयाची असेल तर मायएस्क्यूएल स्वतः किती वेळ अखंड जागा आहे हें तो विचारल्यावर सांगतो. त्या आंकड्यास ‘अपटाइम’ म्हणतात. जो आंकडा महिन्यांत मोजला जावा तो तासांत येऊं लागला, तर मुनीम रोज रात्रीं मरून सकाळीं नव्यानें बसत आहे हें उघड आहे, मग दरवाजावरची पाटी कांहींहि म्हणो.

पडलेला सर्व्हर इतक्या सहजासहजीं उठतो ह्याचें मात्र कौतुक केलें पाहिजे. जुन्या पेढीवर व्यवहार झाला कीं मुनीम तो प्रथम रोजकीर्दींत टिपी, आणि सवडीनें खतावणींत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवी. मध्येंच दिवा गेला तरी रोजकीर्द शाबूत असली म्हणजे खतावणी मागाहून पुरी करतां येई. मायएस्क्यूएलमधील इनोडीबी नांवाचा जो मुख्य भाग, तो अगदीं ह्याच रीतीनें वागतो. प्रत्येक बदल तो आधीं ‘रीडू लॉग’ नांवाच्या रोजकीर्दींत लिहितो; ती नोंद डिस्कवर पक्की झाल्यावरच व्यवहार पुरा झाल्याचें कळवितो; आणि खतावणीचीं पानें सवडीनें भरतो. एकाएकीं मेलाच तर पुढच्या खेपेस उठतांना तो रोजकीर्द उघडतो, चढवावयाचें राहिलें तें चढवितो, आणि जे व्यवहार अर्ध्यावर तुटले ते मागें घेतो. सर्व्हर उठावयास वेळ लावतो तो ह्याच कामासाठीं. अशा वेळीं धीर सोडून त्याला पुन्हां मारणें, किंवा रोजकीर्दीच्या फाइली ‘बिघडल्या असाव्यात’ म्हणून काढून टाकणें, ह्यासारखा आततायी उपाय दुसरा नाहीं. आणि तो सुचविणारे लोक, दुर्दैवानें, पुष्कळ आढळतात.

म्हणून ‘तो कसा उठवावा’ हा प्रश्न गौण होय. खरा प्रश्न ‘तो कसा मेला’ हा. लिनक्सच्या राज्यांत कार्यक्रमाला मरण येतें तें बहुधा एखाद्या संकेताच्या रूपानें, आणि प्रत्येक संकेताला क्रमांक असतो. पंधरावा संकेत म्हणजे विनंती: ‘आतां आवरतें घ्या.’ तो मिळाला कीं मायएस्क्यूएल हातांतलें काम संपवितो, वही मिटतो, आणि आपण रीतसर थांबलों असें आपल्या लॉगमध्यें लिहून जातो. अकरावा संकेत म्हणजे कार्यक्रमानें स्वतःच मेमरीच्या भलत्या जागीं हात घातला. हा त्याच्या रचनेंतला दोष, किंवा मेमरीच्या पट्टीचा. येथें मरतां मरतां तो मोठी किंकाळी फोडतो: संकेताचा क्रमांक, त्या घटकेस कोणत्या कामांत गुंतला होता त्याची पायरीपायरीची माळ, आणि पुष्कळदां ज्या प्रश्नानें घात केला तो प्रश्नसुद्धां लॉगमध्यें उतरतो. नववा संकेत मात्र वेगळ्याच जातीचा. तो अडवितां येत नाहीं, ऐकतां येत नाहीं, त्याला उत्तर देतां येत नाहीं. ज्याच्यावर तो सुटला त्याला शेवटचा शब्द उच्चारण्याचीहि सवड मिळत नाहीं.

आतां वारंवार पडणाऱ्या सर्व्हरचा लॉग उघडावा. रात्रीं दोन वाजून तेरा मिनिटांपर्यंत साध्या, नित्याच्या ओळी दिसतात. त्यानंतर एकही निरोपाची ओळ नाहीं, किंकाळी नाहीं. आणि दोन चौदाला एकदम नव्या जन्माचा मजकूर, त्याच्या पाठोपाठ रोजकीर्द तपासण्याचें काम. नवशिका तंत्रज्ञ हें पाहून म्हणतो, “लॉगमध्यें कांहींच नाहीं.” तो निराश होतो आणि कोठून तरी मिळालेले दहा उपाय एकामागून एक करूं लागतो. वास्तविक हें ‘कांहींच नाहीं’ हीच सर्वांत बोलकी साक्ष आहे. जो आपल्या दोषानें मेला असता तो ओरडला असता. ज्याला रीतसर थांबविलें असतें तो निरोप लिहून गेला असता. ज्यानें दोहोंपैकीं कांहींच केलें नाहीं त्याला बहुधा बाहेरून कोणी तरी मारलें आहे. तेव्हां मृताची वही मिटावी आणि घराच्या मालकाची उघडावी. लिनक्समध्यें घराचा मालक म्हणजे कर्नल. त्याची स्वतंत्र नोंद असते, आणि तींत पुष्कळदां स्वच्छ शब्दांत कबुली सांपडते: मेमरी संपली, अमुक क्रमांकाची मायएस्क्यूएलची प्रक्रिया मारली. ही नोंद यंत्र बंद करून चालू केलें कीं कित्येक ठिकाणीं पुसली जाते. म्हणून सबंध यंत्रच बंद करून चालू करण्याचा जो लोकप्रिय उपाय आहे, तो करण्यापूर्वीं ती उतरून घेतलीच पाहिजे.

कर्नल इतका निष्ठुर कां होतो? त्याचें उत्तर त्याच्या औदार्यांत आहे. लग्नाच्या पंगतीला शंभर पानांची जागा असतां यजमान दीडशें आमंत्रणें करतो, कारण सगळेच पाहुणे एका वेळीं येत नाहींत हा त्याचा अनुभव. कर्नलहि कार्यक्रमांना मेमरीचीं वचनें अशींच सढळ हातानें देतो. प्रत्यक्ष जागा त्याला ती वापरूं लागल्यावरच द्यावी लागते. बहुधा हें निभतें. पण एखाद्या रात्रीं सर्व पाहुणे एकदम पाटावर येऊन बसतात आणि एकहि पान रिकामें राहत नाहीं. तेव्हां सबंध मांडव कोसळण्यापेक्षां एकाला उठविणें बरें, ह्या न्यायानें कर्नल आपल्या ‘ओओएम किलर’ नांवाच्या हस्तकाला हांक मारतो. तो प्रत्येकाच्या पानावर नजर टाकतो आणि ज्यानें सर्वांत अधिक वाढून घेतलें असेल बहुधा त्यालाच उठवितो. ज्या यंत्रावर डेटाबेस आहे तेथें सर्वांत मोठें पान पुष्कळदां डेटाबेसचेंच असतें. दोष दुसऱ्याचा असला तरी शिक्षा त्याला होते, ती ह्यामुळें.

क्लाउडस्टॅकच्या लहान मांडणींत हें संकट कसें शिजतें तें आंकड्यांनीं पाहण्यासारखें आहे. खर्च वांचविण्यासाठीं मॅनेजमेंट सर्व्हर आणि मायएस्क्यूएल हे दोघेहि एकाच यंत्रावर बसविण्याची मुभा आहे. समजा, त्या यंत्राची मेमरी ४ गिगाबाइट आहे. मॅनेजमेंट सर्व्हर जावा भाषेंतला. त्याला २ गिगाबाइटपर्यंत जागा नेमून दिली. मायएस्क्यूएलसाठीं कोणी तरी एका पुस्तकांतला सल्ला काढला कीं खतावणीचीं पानें मेमरींत धरून ठेवण्याची जी ‘बफर पूल’ नांवाची मांडणी तिला यंत्राच्या मेमरीपैकीं ८० टक्क्यांपर्यंत द्यावी. आणि त्याप्रमाणें ३ गिगाबाइट देऊन टाकले. सल्ला खोटा नव्हे. पण तो ज्या यंत्रावर डेटाबेस एकटाच राहतो त्यासाठीं आहे. येथें चाराच्या घरांत पांचाचीं वचनें झालीं, आणि खुद्द लिनक्सचें पोट अजून मोजलेंच नाहीं.

तरीहि सर्व्हर पहिल्या दिवशीं पडत नाहीं. बफर पूल रिकामा असतो आणि जसजशीं पानें वाचलीं जातात तसतसा भरतो. दोन-तीन दिवसांत तो तुडुंब होतो, त्याच रात्रीं बॅकअपचें काम सुरू होऊन सगळेच तक्ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलें जाऊं लागतात, क्लाउडस्टॅकचा भाड्याचा हिशेब करणारा भागहि आपलें रोजचें गणित मांडतो, आणि पंगतींत शेवटचें पान भरतें. सर्व्हर मारला जातो. मेल्याबरोबर तीन गिगाबाइट मोकळे होतात. नव्यानें उठलेला सर्व्हर रिकाम्या पोटाचा, म्हणून टवटवीत दिसतो. पुन्हां चालू केल्यानें गुण आला असें वाटतें तें एवढ्याचसाठीं. आणि दर तिसऱ्या दिवशींच तो कां पडतो, ह्या कोड्याचें उत्तरहि हेंच. पडण्याच्या वेळा एका कागदावर मांडून त्यांच्या शेजारीं यंत्रावरील ठराविक वेळच्या कामांचें वेळापत्रक ठेवलें, तर पुष्कळदां अर्ध्या तासांत निदान होतें. ह्या साध्या कागदाचा कंटाळा करून लोक महिनोन्महिने अंधारांत चांचपडतात हें नवल आहे.

जोडण्यांच्या संख्येचाहि येथें संबंध येतो. मायएस्क्यूएल मूळच्या नेमणुकीप्रमाणें १५१ जोडण्या घेतो. क्लाउडस्टॅकला त्या अपुऱ्या. त्याच्या मार्गदर्शिकेंत ३५० हा आंकडा दिला आहे, आणि मॅनेजमेंट सर्व्हर जितके असतील तितक्या पटीनें तो वाढवावयाचा आहे. प्रत्येक जोडणी कामाच्या वेळीं आपापली थोडी मेमरी वेगळी मागते. क्रमवारी लावण्यासाठीं लागणारी जागा मूळच्या नेमणुकींत २५६ किलोबाइट असते. ३५० जोडण्यांनीं ती एकदम मागितली तरी नव्वद मेगाबाइटच्या आंतच भागतें. पण ‘वेग वाढेल’ म्हणून कोणी ती ८ मेगाबाइट करून ठेवली, तर त्याच ३५० जोडण्या २८०० मेगाबाइट मागूं शकतात. एका ओळींतला एक आंकडा बदलतो आणि त्याची शिक्षा कित्येक आठवड्यांनीं, दुसऱ्याच्या रात्रपाळींत, भोगावी लागते.

अर्थात् प्रत्येक पडण्याचें कारण मेमरी हेंच नव्हे. डिस्क भरली तर मायएस्क्यूएल पुष्कळदां मरतच नाहीं; तो हातांतलें पान घेऊन उभा राहतो, दर मिनिटाला जागा झाली कीं काय तें पाहतो आणि दर दहा मिनिटांनीं लॉगमध्यें तक्रार लिहितो. बाहेरून पाहणाराला तो मेल्यासारखाच भासतो, आणि मग त्याला उगाच मारण्यांत येतें. डिस्क भरण्याचें एक ठराविक कारण असें कीं क्लाउडस्टॅकच्या मार्गदर्शिकेप्रमाणें ‘बायनरी लॉग’ नांवाची बदलांची वही चालू ठेवतात; आणि मायएस्क्यूएलच्या ५.७ ह्या आवृत्तींत ती वही किती दिवसांनीं काढून टाकावी ह्याची मुदत मुळांत नेमलेलीच नव्हती. ती फुगतच जाई. ८.० पासून तीस दिवसांची मुदत आपोआप लागूं झाली.

याहून चमत्कारिक प्रकार आत्महत्येचा. डिस्क दूरच्या साठवणयंत्रावर असली आणि तें यंत्रच मधून मधून थिजलें, तर इनोडीबीच्या आंतील कामें एकमेकांची वाट पाहत खोळंबतात. असा खोळंबा सहाशें सेकंदांपलीकडे गेला तर तो, आपण अडकलों आहों असें समजून, बुद्ध्या स्वतःला मारून घेतो आणि तसें लिहूनहि ठेवतो. हें पाहून डेटाबेसला दोष देणें म्हणजे धुराची वर्दी देणाराला आगीबद्दल पकडणें होय. पडणें हें सर्वदा दुर्गुण नसतें, ह्याचें आणखी एक उदाहरण पोस्टग्रेस ह्या दुसऱ्या नामांकित डेटाबेसचें आहे. २०१८ सालीं त्याच्या रचनाकारांच्या ध्यानांत आलें कीं डिस्कवर लिहिणें एकदां फसल्यावर लिनक्सला पुन्हां विचारलें, तर तो ‘सर्व ठीक’ असें सांगूं शकतो आणि न लिहिलेलीं पानें लिहिल्यासारखीं धरतो. पोस्टग्रेस त्या उत्तरावर वर्षानुवर्षें विश्वासत आला होता. फेब्रुवारी २०१९ मध्यें जी दुरुस्ती निघाली ती अशी: लिहिणें फसल्याचें एकदां कळलें कीं पुन्हां विचारावयाचें नाहीं, तेथेंच कोसळावयाचें, आणि उठून रोजकीर्दीवरून सर्व पुन्हां चढवावयाचें. खोटी खतावणी राखण्यापेक्षां मुनिमानें घेरी येऊन पडावें, हा निर्णय विचारी होता.

कारण सांपडल्यावर हात शिवशिवूं लागतात. तेथेंच सर्वांत मोठा धोका. दुरुस्तीचा पहिला हुकूम देण्यापूर्वीं चोपडीची एक नक्कल दुसऱ्या यंत्रावर नेऊन, ती तेथें उघडून वाचून पाहिली पाहिजे. नक्कल ‘घेतली जाते’ आणि नक्कल ‘आहे’ ह्या दोन भिन्न गोष्टी होत. गिटलॅब ह्या कंपनीवर ओढवलेला प्रसंग तिनें स्वतःच मोकळेपणानें प्रसिद्ध केला, म्हणून तो येथें सांगतां येतो. कार्यक्रम लिहिणारांचें काम साठवून ठेवणें हा तिचा व्यवसाय. ३१ जानेवारी २०१७ रोजीं तिच्या पोस्टग्रेस डेटाबेसवर एकाएकीं भार वाढला आणि मुख्य सर्व्हरची नक्कल बाळगणारा दुय्यम सर्व्हर मागें पडला. ती नक्कल पुन्हां पहिल्यापासून करूं गेलें तर होईना. मुख्य सर्व्हरवरील एक मर्यादा वाढवून तो चालू करूं गेलें तर तो उठेना, कारण जोडण्यांची मर्यादा ८००० इतकी ठेवलेली. ती २००० वर आणली तेव्हां तो उठला. रात्र बरीच झालेली होती. दुय्यम सर्व्हरवरील जुनी, निरुपयोगी सामग्री पुसून टाकावी म्हणून एका अभियंत्यानें हुकूम सोडला. आणि एकदोन सेकंदांत त्याच्या ध्यानांत आलें कीं आपण मुख्य सर्व्हरवर आहों. तोंपर्यंत सुमारें ३०० गिगाबाइटपैकीं ४.५ गिगाबाइट उरले होते.

मग नकला शोधण्यास सुरुवात झाली. दररोजची नक्कल जेथें ठेवली जावयाची तेथें कांहींच नव्हतें: डेटाबेस ९.६ आवृत्तीचा आणि नक्कल घेणारा कार्यक्रम ९.२ चा, म्हणून ती निमूटपणें फसत आली होती. फसल्याचीं सूचनापत्रें निघत, पण तीं पोंचण्यापूर्वींच नाकारलीं जात. डिस्कचीं चित्रें घेण्याची सोय डेटाबेसच्या यंत्रांपुरती चालूच केलेली नव्हती. पांच निरनिराळ्या तजविजींपैकीं एकहि भरंवशाची निघाली नाहीं. वांचविलें तें केवळ योगायोगानें: त्याच अभियंत्यानें सहा तासांपूर्वीं दुसऱ्याच एका प्रयोगासाठीं हातानें घेतलेली एक प्रत शिल्लक होती. ती संथ डिस्कवरून परत आणतां आणतां दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ झाली, आणि मधल्या सहा तासांतील सुमारें पांच हजार प्रकल्पांच्या, पांच हजार अभिप्रायांच्या व सातशें नव्या खात्यांच्या नोंदी कायमच्या गेल्या. ह्या सर्वांत त्या अभियंत्याची चूक सर्वांत लहान मानावी लागेल. झोपेला आलेला माणूस केव्हां तरी चुकीच्या खोलींत शिरावयाचाच. त्याच्या मागें पांच कुलपें असून एकहि लागत नसावें, हा दोष त्या रात्रीचा नव्हे.

नक्कल वाचून पाहिल्यावर उपाय फारसा कठीण नाहीं. मायएस्क्यूएलला स्वतंत्र यंत्र द्यावें. तें शक्य नसेल तर बफर पूल आणि जावाचा वांटा मिळून यंत्राच्या मेमरीच्या बऱ्याच आंत राहतील असे कमी करावेत. डेटाबेसला कधींच मारूं नये असा कर्नलला हुकूम देण्याची सोय आहे. पण जागा तितकीच असतां त्यानें एवढेंच होतें कीं पंगतींतून दुसराच उठविला जातो, आणि तो बहुधा मॅनेजमेंट सर्व्हर असतो. डेटाबेस मुळींच उठत नसेल तर इनोडीबीला जबरदस्तीनें उठविण्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या तीन त्या मानानें सौम्य. चौथीपासून पुढें खतावणी कायमची बिघडूं शकते. त्या पायऱ्या दुरुस्तीसाठीं नसून, जळत्या घरांतून दागिने बाहेर काढण्यासाठीं आहेत. सामान काढावें आणि नव्या घरीं मांडावें, तेथें नांदूं नये.

एवढें झालें तरी एक किचकट काम उरतेंच, आणि तें सहसा विसरलें जातें. सर्व्हर जेव्हां जेव्हां पडला तेव्हां तेव्हां कांहीं हुकूम अर्ध्या वाटेवर होते. डेटाबेसनें आपले व्यवहार रोजकीर्दीवरून निस्तरले, पण खऱ्या यंत्रांवर जें घडलें तें त्याला ठाऊक नसतें. म्हणून क्लाउडस्टॅकच्या चोपडींत एखादें मशीन ‘सुरू होत आहे’ असें कित्येक दिवस दिसत राहतें आणि प्रत्यक्षांत तें कोठेंच नसतें. दुसरें एखादें चोपडींत बंद असतें आणि यंत्रावर खुशाल चालत असतें, त्याचें भाडेंहि कोणी आकारीत नसतें. दुकानदार दिवाळीपूर्वीं वखारींत शिरून पोतीं मोजतो आणि वहीशीं ताडून पाहतो, तसें प्रत्येक यंत्रावर जाऊन, तेथें काय चालू आहे तें विचारून, चोपडीची ओळन् ओळ पडताळावी लागते. ह्याला एक-दोन दिवस लागतात. तोंपर्यंत अपटाइमचा आंकडा तिसरी रात्र ओलांडून चवथ्या दिवसांत गेलेला असतो.